ऑक्टोबर आला की एनआयआरचं मॉइश्चर चुकतं? बायसला हात लावायच्या आधी हे बघा

दरवर्षीचं ठरलेलं आहे. दसऱ्याच्या आगेमागे नवीन सोयाबीन गेटवर यायला लागलं की आठवड्याभरात लॅबमधून फोन येतो, सर, एनआयआर (प्रकाशावरून ओलावा म्हणजे मॉइश्चर सांगणारं मशीन) जास्त दाखवतंय आणि ओव्हनला (नमुना वाळवून वजनातल्या घटीवरून ओलावा काढतात तिथे) कमी येतंय. मग कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बायस, म्हणजे मशीनच्या प्रत्येक आकड्यात मिळवायचा किंवा वजा करायचा ठरावीक आकडा, वजा ०.८ करतं, आकडे जुळतात, सगळे कामाला लागतात. संक्रांतीनंतर वाळलेला माल यायला लागला की तक्रार उलटी होते, आता एनआयआर कमी दाखवतंय, मग तेच बायस परत शून्यावर. पुढच्या ऑक्टोबरला पहिले पाढे पंचावन्न. मी लातूरकडच्या एका सॉल्व्हंट प्लांटच्या (सोयाबीनचं तेल काढायच्या कारखान्याच्या) लॅबमध्ये आहे, आमच्याकडे गेटवर अख्ख्या दाण्याचं मशीन आहे आणि आत लॅबमध्ये डीओसीची (तेल काढून उरलेल्या पेंडीची) पावडर बघायला दुसरं. हा खेळ आम्ही तीन हंगाम खेळलो आणि कारण सापडलं तेव्हा ते मशीनमध्ये नव्हतंच. ज्यांच्याकडे दर हंगामाला असंच होतं त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एनआयआर पाणी मोजत नाही. ते दाण्यातून किंवा पावडरवरून आलेला प्रकाश मोजतं आणि त्यातला कुठल्या तरंगलांबीचा किती शोषला गेला ते बघतं. पाण्याचे मोठे पट्टे १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास असतात, पण तिथे शोषण इतकं जोरात होतं की अख्ख्या सोयाबीनच्या थरातून प्रकाश पलीकडे जाणारच नाही, म्हणून गेटवरची मशीन साधारण ८५० ते १०५० मध्ये काम करतात, तिथे पाण्याचा पट्टा हलका असतो आणि प्रकाश आरपार जातो. त्या आलेखातून टक्का काढायचं गणित म्हणजे कॅलिब्रेशन, आणि ते बनवताना शेकडो नमुन्यांचे आलेख एका बाजूला आणि त्याच नमुन्यांचे ओव्हनचे आकडे दुसऱ्या बाजूला ठेवून पीएलएस (दोघांचा संबंध जोडणारी सांख्यिकी पद्धत) लावलेलं असतं. म्हणजे एनआयआर हा ओव्हनचा विद्यार्थी आहे. कार्ल नॉरिस यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यात हे तंत्र उभं केलं तेव्हापासून, म्हणजे १९६० च्या दशकापासून, यात बदल झालेला नाही. आता जर ओव्हनचा आकडाच चुकला तर तुम्ही शहाण्या विद्यार्थ्याला चुकीचं शिकवताय, आणि आम्ही तीन वर्षं नेमकं तेच करत होतो.

आमचा घोळ कसा सापडला ते सांगतो. औसा भागातले एक काका दोन ट्रॉल्या घेऊन आले होते, एक सकाळी आणि एक दुपारी अडीचला. सकाळच्या ट्रॉलीला १२.९ आणि दुपारच्या ट्रॉलीला १३.८. काका भांडले नाहीत, शांतपणे म्हणाले, "साहेब, एकाच वावरातलं, एकाच दिवशी मळलेलं सोयाबीन आहे, मधल्या चार तासात ताडपत्रीवर उन्हातच होतं, मग ते ओलं कसं झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "काका, थोडं थांबा, मी परत बघतो," आणि त्या दिवसापासून वही घेऊन बसलो.

हा प्रश्न मला लागला कारण माझ्या घरीही सोयाबीनच असतं. २०२४ च्या खरिपात हमीभाव ४,८९२ रुपये होता. सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती आणि माल इतका ओला होता की नोव्हेंबरमध्ये केंद्राने ती १५ टक्क्यांवर नेली. हिशोब करा, २५ क्विंटल मालाला फक्त एक टक्का कटती (ओलाव्यापोटी होणारी कपात) चुकीची लागली तर १,२२३ रुपये जातात. आणि उलटी चूक झाली, म्हणजे खरं १३ असताना आपण १२ वाचलं, तर तो माल गोदामात थप्पीला लागतो, आतून तापतो, बुरशी धरतो आणि मग तेलाचा एफएफए (तेल खराब झाल्याचं दाखवणारी आम्लता) का वाढला म्हणून आपणच डोकं खाजवत बसतो. चूक कुठल्याही बाजूला झाली तरी कोणाचं तरी नुकसान ठरलेलंच आहे.

आता तपासणी. पहिलं काम म्हणजे मशीन दोषी आहे की नाही ते एकदाचं ठरवून टाकणं, नाहीतर सर्व्हिस इंजिनिअरला बोलावण्यात आठ दिवस जातात आणि तो येऊन दिवा बदलून जातो. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत वाळलेलं, साधारण १० टक्क्यांचं सोयाबीन भरून ठेवा, झाकणाला वरून टेप मारा, आणि रोज सकाळी मशीन अर्धा-पाऊण तास गरम झालं की हाच नमुना लावून आकडा वहीत लिहा, लगेच परत बरणीत भरून झाकण बंद. महिनाभर हा आकडा दीड-दोन दशांशाच्या आत राहिला आणि तरी गाड्यांचे आकडे ओव्हनशी जुळत नसतील तर मशीनला दोष देऊ नका. आकडा हळूहळू एकाच दिशेला सरकत असेल तर मात्र दिवा, काचेवरची धूळ, व्हाइट रेफरन्सवर (मशीन ज्याच्याशी तुलना करतं त्या पांढऱ्या तबकडीवर) बसलेला पेंडीचा तेलकट थर, एसीचा झोत थेट मशीनवर येतोय का, आणि लाइट जाऊन आल्यावर मशीन पुन्हा पुरेसं गरम न होताच वापरात घेतलं का, हे बघा. आमच्याकडे बरणीचा आकडा तीन आठवडे अगदी सरळ रेषेत होता.

दुसरं, एकच भरलेला कप न हलवता दहा वेळा स्कॅन करा. मग तोच नमुना ओतून परत भरून दहा वेळा. मग त्याच ट्रॉलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यातले दहा नमुने घ्या. या तीन गटांतला फरक बघितलात की तुमचे डोळे उघडतील. पहिल्यात जवळपास काहीच हलत नाही, दुसऱ्यात थोडं, आणि तिसऱ्यात इतकं की बाकी सगळा वाद फालतू वाटायला लागतो. ट्रॉलीचा वरचा थर उन्हाने वाळलेला असतो आणि तळाचा ओला, आणि आपला माणूस वर चढून ओंजळीने वरचंच सोयाबीन घेऊन येतो. पोत्यात खुपसायची ती लांब पोकळ नळी आहे ना, ती तळापर्यंत घाला, किमान सात-आठ जागांवरून घ्या, सगळं एका टोपल्यात ओतून मिसळा आणि मग कप भरा. नुसत्या एवढ्याने आमचे निम्मे वाद मिटले.

आता मुख्य चोर. ओव्हनचा नमुना गेटवरून लॅबमध्ये कसा जातो ते कधी स्वतः चालत जाऊन बघितलंय का? मी बघितलं. गेटवरचा पोरगा एनआयआर झालं की तोच नमुना कागदी पुडीत बांधायचा, वर गाडी नंबर टाकायचा आणि पुडी खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवायचा. सकाळी अकराची पुडी लॅबमध्ये संध्याकाळी पाचला जायची, खिडकीत ऊन, वर पंखा फुल्ल. मग लॅबमध्ये ती ग्राइंडरमध्ये दळायची, ग्राइंडर हाताला चटका बसेल इतका गरम, आणि पावडर उघड्या बशीत वजनाच्या नंबराला लागायची. १७ टक्के ओलं सोयाबीन यातून जाताना पाणी सोडणारच! मी एकाच गाडीचा नमुना दोन भागात केला, अर्धा कागदी पुडीत नेहमीच्या वाटेने आणि अर्धा दोन पदरी प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून गाठ मारून, तोही अख्खाच, आणि दळल्यावर एक मिनिटाच्या आत वजन. पुडीचा १५.९ आला, पिशवीचा १६.८. आणि त्या गाडीला एनआयआरने दाखवलं होतं १६.७.

म्हणजे एनआयआर बरोबर होतं आणि ओव्हन चुकत होतं. जानेवारीत माल ९-१० टक्क्यांवर असतो, तो पुडीत काही सोडत नाही, म्हणून तेव्हा ओव्हन बरोबर यायचं आणि ऑक्टोबरात टाकलेलं बायस उघडं पडायचं. तीन वर्षांचं रहस्य त्या कागदाच्या पुडीत होतं.

ओव्हनचं बाकीचंही एकदा बघून घ्या. ओव्हनच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा, कोपऱ्यात आणि मधल्या जाळीवर फरक निघतो. १३० अंशावर ३ तास आणि १०३ अंशावर वजन स्थिर होईपर्यंत, या दोन्ही पद्धती चालतात पण दोघांचे आकडे तंतोतंत सारखे येत नाहीत, तेव्हा कॅलिब्रेशन ज्या पद्धतीवर बनलंय तीच वापरा, मध्येच बदलू नका. डेसिकेटरमधली (बशा कोरड्या हवेत गार करायच्या बंद भांड्यातली) सिलिका निळ्याची गुलाबी झाली असेल तर ती कामाची नाही, बशा त्यात गार होता होता परत ओलावा घेतात. आणि अर्धे वाळलेले नमुने आत असताना ओले नमुने त्याच ओव्हनमध्ये सरकवू नका, हे आमच्याकडे रोज दुपारी व्हायचं.

मग काकांच्या ट्रॉलीचं काय? ती गोष्ट पुडीची नव्हती कारण दोन्ही आकडे एनआयआरचेच होते. ते तापमान निघालं. पाण्याच्या रेणूंची एकमेकांशी जी हायड्रोजन बंधाची पकड असते ती गरम झाल्यावर सैल पडते आणि पाण्याचा पट्टा छोट्या तरंगलांबीकडे सरकतो. पट्टा नुसता सरकलाय का त्याची उंची वाढलीय हे मशीनला आपोआप कळत नाही, कॅलिब्रेशनमध्ये गरम नमुने कधी दाखवलेलेच नसतील तर ते त्याचा अर्थ ओलाव्यात लावतं. वर लावेल की खाली ते त्या त्या मॉडेलवर आहे. तुमच्याकडे किती फरक पडतो हे बघायचं असेल तर एक नमुना तीन घट्ट बरण्यांमध्ये सारखा वाटा, एक एसीत ठेवा, एक टेबलावर, एक उन्हात दीड तास, आणि लागोपाठ लावा. बरणी बंद आहे म्हणजे पाणी कुठे गेलेलं नाही, जो फरक येईल तो निव्वळ तापमानाचा. आमचा एसी ते ऊन फरक ०.७ आला. फ्रिजमधला नमुना मात्र थेट उघडून लावू नका, बाहेरच्या दमट हवेत गार दाण्यांवर लगेच दव धरतं आणि आकडा भलताच वाढतो, बरणी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

यावर तात्पुरता उपाय सोपा आहे, गरम माल आला तर नमुना गाठ मारलेल्या पिशवीत वीस-पंचवीस मिनिटं सावलीत ठेवा, दाण्यात थर्मामीटर खुपसून बघा आणि खोलीशी तीन-चार अंशांच्या आत आलं की लावा. गर्दीच्या दिवशी ड्रायव्हर ओरडतात, ओरडू द्या, त्यांना मी सांगतो की पंचवीस मिनिटं तुमच्याच फायद्याची आहेत. कायमचा उपाय म्हणजे तेच नमुने गार, साधे आणि गरम असे तिन्ही तऱ्हेने स्कॅन करून एकाच ओव्हन आकड्यासकट कॅलिब्रेशनमध्ये टाकणं, मग मॉडेलच शिकतं की हा सरकलेला पट्टा म्हणजे पाणी नाही.

तिसरी गोष्ट रेंज, म्हणजे कॅलिब्रेशनने किती ते किती टक्क्यांचा माल बघितलाय. आमचं कॅलिब्रेशन ज्या नमुन्यांवर बनलं होतं ते सगळे व्यापाऱ्याच्या गोदामातले, ८ ते १३ टक्के. ऑक्टोबरात येतं १६, १८, कधी परतीच्या पावसात भिजलेलं २० सुद्धा. ज्या रस्त्याने मॉडेल कधी गेलंच नाही तिथे ते अंदाजाने चालतं. त्यात जुनं कॅलिब्रेशन जेएस ३३५ या वाणावर बेतलेलं आणि आता शेतात फुले संगम आणि एमएयूएसचे वाण, दाण्याचा आकार वेगळा म्हणजे कपातली भरण वेगळी, पावसाने सुरकुतलेले, हिरवट, काळे पडलेले दाणे वेगळे. मशीन हे ओळखतं. प्रत्येक स्कॅनला ते एक अंतर काढतं, हा नमुना कॅलिब्रेशनच्या नमुन्यांपासून किती लांब आहे ते, बऱ्याच ठिकाणी त्याला जीएच म्हणतात आणि ३ च्या वर गेला की वॉर्निंग येते. आमच्या मशीनवर कोणीतरी ती वॉर्निंग बंद करून ठेवली होती कारण बीपमुळे लाइन थांबायची. मी जुना लॉग उघडला तर ऑक्टोबरातले एक चतुर्थांश स्कॅन ३ च्या वर. मशीन तीन वर्षं सांगत होतं की हा माल मी बघितलेला नाही, आणि आम्ही त्याचा आवाज बंद केला होता. कृपा करून ती वॉर्निंग आजच्या आज चालू करा.

एवढं सगळं झाल्यावरही फरक राहिला तर मग बायस. पण तीन पुड्या बघून बायस बदलणं बंद करा, आणि ते का ते आकड्यातच दाखवतो. तुमच्या मॉडेलचा एसईपी, म्हणजे ओव्हनशी तुलना केल्यावर आकड्यांत राहणारी नेहमीची चूक, समजा ०.४ आहे. २० नमुन्यांवर सरासरी फरक काढलात तर तो साधारण ०.१९ च्या पुढे गेला तरच खरा मानायचा, कारण २.०९ गुणिले ०.४ भागिले वीसचं वर्गमूळ एवढं येतं. यातला २.०९ हा संख्याशास्त्रातल्या टी-तक्त्यातला आकडा, तेच ३ नमुन्यांवर केलंत तर टी ची किंमत ४.३० होते आणि मर्यादा जाते ०.९९ वर. म्हणजे तीन नमुन्यांवर तुम्हाला ०.८ चा फरक दिसला तर तो योगायोगही असू शकतो, आणि आम्ही नेमकं तेवढ्यावरच मशीन हलवत होतो! हे गणित मी काही शोधून काढलेलं नाही, एनआयआरसाठीच्या आयएसओ १२०९९ या आंतरराष्ट्रीय मानकात याच धर्तीची बायसची तपासणी दिलेली आहे. स्लोपला (आकड्यांना ज्या पटीने गुणतात त्या सेटिंगला) तर हातच लावू नका. सगळे नमुने ११ ते १२.५ च्या मध्ये असतील तर त्यातून काढलेला स्लोप कुठेही नेऊन ठेवतो.

लॅबमधल्या डीओसीच्या मशीनचं थोडक्यात सांगतो कारण तिथला वाद बहुतेक वेळा कागदावरचा असतो. प्रोटीन ४६ आलं आणि पार्टी म्हणते आमच्याकडे ५२ आलं, तर भांडण्याआधी विचारा की ड्राय बेसिसवर (पाणी वगळून काढलेला टक्का) आहे का, १२ टक्के मॉइश्चर धरलं तर ४६ चेच ड्राय बेसिसवर ५२.३ होतात. केल्डालमध्ये (नायट्रोजन मोजून त्यावरून प्रोटीन काढायची रासायनिक चाचणी) नायट्रोजनला ६.२५ ने गुणलं की ५.७१ ने तेही विचारा, ६.२५ चे ४६ हे ५.७१ ने फक्त ४२ होतात. चाळणी बघा, दळताना जाळी झिजली की पावडर जाड होते, प्रकाश वेगळा विखुरतो आणि प्रोटीन सरकतं, गणितात त्याची दुरुस्ती असते पण ती ठरावीक मर्यादेपर्यंतच. आणि एनआयआर आणि केल्डाल यात केल्डालला एकदम दोन-अडीच टक्के जास्त यायला लागलं, तेही फक्त एका सप्लायरच्या मालाला, तर युरियाची शंका घ्या. केल्डालला नायट्रोजन कुठून आला ते कळत नाही, एक टक्का युरिया प्रोटीनचा आकडा जवळपास अडीच टक्क्यांनी फुगवतो. एनआयआरच्या आलेखात मात्र युरिया स्वतःची खूण सोडतो आणि जीएच उडी मारतो, इथे पुन्हा तीच बंद केलेली वॉर्निंग कामाला येते.

माझा मावसभाऊ कोल्हापूरकडे फाउंड्रीत स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर) असतो, त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला आमच्याकडेही हेच चालतं रे, फक्त आमच्याकडे सोयाबीनऐवजी बिडाचं लोखंड. त्यांचं मशीन स्पार्क मारतं, कार्बनची रेषा १९३ नॅनोमीटरला वाचतं, आणि दर काही दिवसांनी कार्बन उडायला लागला की टाइप स्टँडर्ड (ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असा तुकडा) लावून आकडा ओढून बसवायचा. कारण निघालं नमुन्याची कॉइन, म्हणजे तपासायला ओतलेली धातूची चकती. साच्यात धातू हळू थंड झाला की कार्बन ग्राफाइटच्या पत्र्या बनून बसतो आणि स्पार्कला तो नीट सापडत नाही, कॉइन तांब्याच्या गार साच्यात पातळ ओतून झटक्यात गोठवली आणि मोडल्यावर कड पांढरी दिसली तरच आकडा खरा. त्याने आता नियमच केलाय, कॉइन मोडून कड बघितल्याशिवाय स्पार्क नाही, आणि स्पार्कच्या डागाभोवती काळं कडं न येता डाग नुसता पांढुरका आला तर आधी आर्गॉनचा सिलिंडर आणि नळीची गळती बघायची, मग बाकीचं.

यंदासाठी आम्ही काय करतोय ते सांगून थांबतो, तुम्हालाही जमेल. सप्टेंबरच्या शेवटी ओव्हनचं थर्मामीटर तपासून घेणार, कागदी पुड्या गेटवरून उचलून टाकल्यात आणि दोन पदरी पिशव्यांचा गठ्ठा ठेवलाय. पहिल्या दोन आठवड्यांत १३ ते २० टक्के या टप्प्यातले किमान ३० नमुने जमवायचे, प्रत्येक टप्प्यात चार-पाच तरी, नुसते १४ वालेच नकोत, वाण आणि गाव लिहून. प्रत्येकाचे ओव्हन दोन-दोन बशांमध्ये, दोन बशांत ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर परत. यातले २० नमुने कॅलिब्रेशनमध्ये घालायचे आणि १० बाजूला, ते फक्त तपासायला, त्यांना मॉडेल बनवताना हात लावायचा नाही. तोपर्यंत जीएच ३ च्या वर गेलेल्या गाडीची कटती एनआयआरवर लावायची नाही, तिचा नमुना थेट ओव्हनला, आणि आकडा शेतकऱ्याला समोर दाखवायचा. काकांना मी तेव्हाच फोन करून सांगितलं होतं की दुपारच्या ट्रॉलीचा आकडा गरम मालामुळे चढला होता, आणि थंड करून परत लावल्यावर आलेला १३.० धरून त्यांच्या पट्टीत दुरुस्ती करून दिली.